पारा आणि घाम

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत एक वाद घरोघरी होतो. बातम्यांत तापमान ३३ अंश सांगतात आणि चाळीतल्या वरच्या मजल्यावरचा माणूस म्हणतो, हे शक्यच नाही. एका बाजूला मोजमापावर भरवसा ठेवणारी माणसं, दुसऱ्या बाजूला अंगावर उन्हाळे काढलेली. लालबाग-परळमध्ये या दोन्ही बाजू एकाच घरात सापडतात: कापड गिरणीच्या साचे खात्यात उमेदीची वर्षं घालवलेले आजोबा आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी नात. खालचा संवाद मी अशा दोघांच्या तोंडी घातला आहे. माणसं कल्पित आहेत, पण त्यांच्या बोलण्यातलं शास्त्र आणि इतिहास खरा आहे. कुणा एकाला जिंकवावं म्हणून हे लिहिलेलं नाही. दोघांचंही पुरतं ऐकल्याशिवाय मुंबईचा उन्हाळा समजत नाही, असं मला मनापासून वाटतं.

पेटीतली हवा

आजोबा: पेपरात लिहिलंय, मुंबई ३३, नागपूर ४५. वाचणाऱ्याला वाटेल, आपण इथं मजेत आहोत. सकाळपासून माझे दोन गंजिफ्रॉक भिजले. तुझा हा आकडा मला पटत नाही, बाळा.

नात: आकडा बरोबर आहे, आबा. तो कशाचा आहे, एवढंच कुणी सांगत नाही. कुलाब्याला आणि सांताक्रूझला वेधशाळेची पांढरी लाकडी पेटी असते. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, बाजूंना तिरक्या पट्ट्या, दार उत्तरेकडे. आत वारा खेळतो, पण ऊन शिरत नाही. त्या सावलीतल्या हवेचं तापमान म्हणजे पेपरातला आकडा.

आजोबा: मग तो पेटीचा आकडा झाला. पेटीत कोण राहतं? आमच्या डोक्यावर पत्रा आहे. दुपारी तापलेला पत्रा दिवेलागणीनंतरही आग ओकत असतो. जिथं माणूस राहतो तिथं मोजा की.

नात: उन्हात ठेवलेला तापमापक हवेचं तापमान दाखवत नाही, तो स्वतः किती तापला ते दाखवतो. काळ्या रंगाचा एक आकडा देईल, पांढऱ्या रंगाचा दुसरा. मग कुणाचं धरायचं? सगळीकडे सारखी पेटी, सारखी उंची, सारखी सावली ठेवली, म्हणून आज आपण म्हणू शकतो की सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश होते आणि २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ पर्यंत उतरला होता. नाहीतर उरल्या असत्या फक्त आठवणी, आणि प्रत्येकाला आपल्याच तरुणपणाचा उन्हाळा कडक वाटतो.

आजोबा: आठवणींना एवढं हलकं लेखू नकोस.

नात: हलकं लेखत नाही. पण मोजमाप शुद्ध राहावं म्हणून माणसांनी किती कष्ट घेतलेत, तेही बघा. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी व्हायच्या. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेनं नोंदी बिघडतील म्हणून ते सगळं काम खाडीपलीकडे अलिबागला नेलं. शहरानं ट्राम घेतली आणि आकडाही सांभाळला. तो आकडा टाकून देऊ नका.

आजोबा: टाकत नाही. पण त्या आकड्यावरून माझ्या अंगाचा निवाडा करू नका, एवढंच म्हणतो.

हात काय मोजतो

नात: अंगाचा निवाडा अंगावरच सोपवायचा का, ते तपासू. जानेवारीत पहाटे गॅलरीत गेलात आणि लोखंडी कठड्याला हात लावला, मग शेजारच्या लाकडी खांबाला. गार काय लागेल?

आजोबा: लोखंड. हे काय विचारणं झालं?

नात: रात्रभर दोन्ही एकाच हवेत आहेत. तापमापक लावला तर दोन्हीकडे एकच आकडा येईल.

आजोबा: म्हणजे माझा हात खोटा?

नात: खोटा नाही, पण तो वेगळी गोष्ट मोजतो. तुमचा हात त्या दोन्हींपेक्षा गरम आहे. लोखंड त्यातली उष्णता भराभर ओढून आत पसरवतं. लाकूड सावकाश ओढतं. हाताला कळतो तो उष्णता निघून जाण्याचा वेग. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, आणि तापमानाचा आकडा ती कुठून कुठं जाईल एवढंच सांगतो. ती किती वेगानं जाईल, किती जाईल, हे वस्तूवर, वाऱ्यावर, ओलाव्यावर ठरतं.

आजोबा: मग माझंच म्हणणं खरं झालं. माणसाला आकडा मारत नाही. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नसली, की माणूस मरतो. तो वेग माझं अंग मोजतं. तुझी पेटी मोजत नाही.

नात: हे तुम्ही फार मोलाचं बोललात. त्याकडे मी परत येणार आहे. पण अंगाचा एक दोष आधी सांगू द्या. मलेरियात थंडी वाजते तेव्हा माणूस दोन गोधड्या मागतो. त्या वेळी ताप किती असतो?

आजोबा: एकशे तीन, एकशे चार.

नात: म्हणजे अंग तापत चाललंय आणि जीव म्हणतोय गारठलो. मेंदूनं आपलं ठरलेलं तापमान वर सरकवलेलं असतं, म्हणून आहे ते कमी वाटतं आणि अंग थरथरून उष्णता तयार करतं. उलट उन्हात उष्माघात होऊ लागला, की माणूस बरळायला लागतो. आपल्याला काही होतंय हे त्याला स्वतःला कळतच नाही. म्हातारपणी तहानही कमी लागते. ऐन वेळेला अंग साक्ष फिरवतं, आबा. तेव्हा पारा लागतो.

दोन पट्ट्या, एक घर

आजोबा: बरं, मला हे सांग. ताप एकशे चार आणि हवा तेहेतीस. एकाच घरात ही दोन मापं कशाला?

नात: ताप आपण अजून फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि हवा सेल्सिअसमध्ये. १९५६ च्या कायद्यानं देशात दशमान पद्धत आली, हवामानाचे आकडे सेल्सिअसमध्ये गेले, पण कपाटातला डॉक्टरी तापमापक जुन्याच मापाचा राहिला. फॅरनहाइटनं १७२४ मध्ये आपली पट्टी मांडली. त्याचं शून्य म्हणजे बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं तापमान. उन्हाळ्यात पॉटमध्ये आइस्क्रीम करताना आपण बर्फात खडे मीठ टाकतो ना, त्याच युक्तीतलं हे शून्य.

आजोबा: मीठ टाकलं की बर्फ जास्त गार होतो, हे आमच्या आईलाही माहीत होतं. का होतो, ते सांग.

नात: मिठामुळे बर्फाचा वितळण्याचा बिंदू खाली जातो, म्हणून शून्याच्या खालीही बर्फ वितळत राहतो. वितळायला उष्णता लागते. ती तो स्वतःकडून, मिठाच्या पाण्याकडून आणि पॉटमधल्या दुधाकडून घेतो. त्यामुळे सगळ्यांचंच तापमान शून्याच्या खाली उतरतं. नीट प्रमाण साधलं तर उणे २१ सेल्सिअसपर्यंत. बर्फ दुधाला गारवा देत नाही, दुधातली उष्णता घेतो.

आजोबा: आणि सेल्सिअस?

नात: त्यानं १७४२ मध्ये पाणी गोठण्याचा आणि उकळण्याचा बिंदू घेऊन मधे शंभर भाग केले. गंमत म्हणजे त्यानं उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर म्हटलं होतं. ते उलटं त्याच्यानंतर झालं. म्हणजे पट्टी ही माणसांनी ठरवलेली सोय आहे. उणे ४० ला दोन्ही पट्ट्या एकच आकडा सांगतात, एरवी नाही. पण आपल्या घरातल्या या दोन मापांमुळे एक महत्त्वाची गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते.

आजोबा: कोणती?

नात: किनारपट्टीच्या गावात कमाल तापमान ३७ अंश किंवा जास्त असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असेल, तर वेधशाळा उष्णतेची लाट मानते. मैदानी भागात हीच सुरुवात ४० पासून होते. आता ३७ सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट.

आजोबा: म्हणजे अंगाचा नेहमीचा ताप!

नात: तेच. हवा अंगाइतकी तापली, की अंगातली उष्णता आपोआप हवेत जाणं थांबतं. कातडीचं तापमान तर ३५ च्या आसपास असतं, म्हणजे ती वाट त्याआधीच बंद होते. आणि अंगाच्या आतलं तापमान ४० सेल्सिअसच्या वर गेलं, की उष्माघात. तेच तुमचं एकशे चार. ताप आणि हवा एकाच पट्टीवर मोजले असते, तर हा धोका शाळकरी पोरालाही दिसला असता.

आजोबा: पारा २० वरून ४० वर गेला तर ऊन दुप्पट झालं म्हणायचं का?

नात: नाही. सेल्सिअसचं शून्य हे पाण्याच्या गोठण्याचं शून्य आहे, उष्णतेचं नाही. कणांची हालचाल जिथं कमीत कमी होते ते खरं शून्य उणे २७३.१५ सेल्सिअसला आहे. तिथून मोजायची पट्टी केल्विनची, १८४८ ची. त्या पट्टीवर २० म्हणजे २९३ आणि ४० म्हणजे ३१३. वाढ जेमतेम सात टक्के.

आजोबा: सात टक्क्यांनी माणसाचा जीव जातो?

नात: जातो. कारण माणूस या लांबलचक पट्टीच्या एका चिमटीभर जागेत जगतो. तीच पट्टी आपल्या मुंबईत किती खाली मोजली गेली आहे, सांगू? कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं, की शुद्ध बिस्मथ धातू ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिसंवाहक होतो, म्हणजे त्यात विजेला विरोधच उरत नाही. एका अंशाचे हजार भाग केले, तर त्यातल्या अर्ध्या भागाएवढं हे तापमान. दूरच्या रित्या अंतराळाचं तापमान सुमारे २.७ केल्विन आहे, या तापमानाच्या पाच हजार पट. केल्विनमध्ये मोजतोय म्हणून इथं पट म्हणता येतं.

आजोबा: कुलाब्याच्या घामट हवेत हे?

नात: त्याच हवेत. आधी द्रवरूप हेलियम, मग त्याहून सूक्ष्म उपाय, शेवटी तांब्याच्या अणुकेंद्रांवरचं चुंबकीय क्षेत्र हळूहळू काढून घेणं. प्रत्येक पायरीवर थोडी उष्णता बाहेर काढायची. आणि पहिल्या पायरीवरचे पंप ती कुलाब्याच्याच हवेत सोडतात.

गारवा कुठून येतो, उष्णता कुठं जाते

आजोबा: तू मघापासून म्हणतेस, बर्फ गारवा देत नाही. माझ्या कपाळावर बर्फ ठेवला तर मला गार वाटतं. मला जे मिळालं त्याला मी गारवाच म्हणणार.

नात: म्हणा. पण गारवा नावाची वस्तू जगात नाही. उष्णता काढून घेतल्यावर जे उरतं त्याला आपण गारवा म्हणतो. मी हट्टानं सांगतेय, कारण असं पाहिलं की पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: काढलेली उष्णता कुठं टाकली?

आजोबा: पूर्वी हा प्रश्न नव्हता. बर्फ विकत आणायचा, वितळला की संपला.

नात: तेव्हाही होता, फक्त हिशेब लांब होता. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनहून बर्फ जहाजात, लाकडाच्या भुश्यात भरून कलकत्त्याला आला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत बराच वितळला. मग मुंबईलाही येऊ लागला आणि फोर्टात त्यासाठी बर्फघर उभं राहिलं. तिकडच्या हिवाळ्यानं तळ्यातली उष्णता काढली होती, तेवढी उष्णता तो बर्फ मुंबईत शोषून घ्यायचा. एक किलो बर्फ वितळायला लागणारी उष्णता एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवू शकते. आणि पूर्ण वितळेपर्यंत बर्फाचं तापमान शून्यावरच थांबतं. या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात, कारण ती पाऱ्यावर दिसत नाही.

आजोबा: पाऱ्यावर दिसत नाही! हे तू आपण होऊन कबूल केलंस.

नात: केलं. आणि त्या बर्फाची आठवण आजच्या एसीत आहे. दुकानदार म्हणतो दीड टनाचा एसी. हा टन यंत्राच्या वजनाचा नाही. जुना एक टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल, तेवढी काढण्याची ताकद म्हणजे एक टन. सुमारे साडेतीन किलोवॉट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर खोलीतली पाच किलोवॉटहून जास्त उष्णता बाहेर टाकतो. शिवाय स्वतः जी दीडएक किलोवॉट वीज खातो, तिचीही उष्णता होते. तीही बाहेरच.

आजोबा: बाहेर म्हणजे आमच्या गल्लीत. समोर टॉवर झाला, त्याच्या भिंतीला ओळीनं डबे लटकलेत. संध्याकाळी वारा पडला की त्यांची वाफ आमच्या खिडकीत येते. त्यांचा आकडा २४, आमचा कुठल्याच पेपरात नाही.

नात: हे तुमचं गाऱ्हाणं भौतिकशास्त्राला धरून आहे, आबा. फुकटचा गारवा कुठंच नाही. फ्रिजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार होत नाही, उलट गरम होतं. पंखाही हवा गार करत नाही. रिकाम्या खोलीत चालू ठेवला तर मोटरच्या उष्णतेनं खोली किंचित तापेल.

आजोबा: मग पंख्याखाली बरं का वाटतं?

नात: घामामुळे. आणि इथं तुमची बाजू सुरू होते.

ओला बल्ब

आजोबा: घामाचं मला शिकवू नकोस. साचे खात्यात ओलावा लागायचा. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून वरून पाण्याचे बारीक फवारे सोडायचे आणि ओल जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. चार साचे सांभाळत आठ तास त्यात उभं राहायचं. घाम यायचा, पण वाळायचा नाही. घाम आला म्हणून माणूस गार होत नाही, घाम वाळला तरच होतो. हे आम्हाला पुस्तकाशिवाय कळलं होतं.

नात: पुस्तकातही हेच आहे. पाण्याची वाफ होताना बर्फ वितळण्याच्या सातपट उष्णता लागते. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो अंगातून जेवढी उष्णता नेतो, ती सात किलोच्या आसपास बर्फ वितळवेल. पण हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम काहीच नेत नाही.

आजोबा: म्हणून नागपूरकराचा माठ गार आणि आपला कोमट.

नात: हिशेब करूनच दाखवते. तापमापकाच्या बल्बला ओलं मलमल गुंडाळलं आणि त्यावरून वारा घातला, की पाणी उडतं आणि पारा उतरतो. जिथं थांबतो, ते ओल्या बल्बचं तापमान. माठ जास्तीत जास्त तिथपर्यंत गार होऊ शकतो, आणि घामानं निथळलेली कातडीसुद्धा. नागपूरला ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला बल्ब येतो २४ च्या आसपास. मुंबईत ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर येतो २८ च्या वर.

आजोबा: म्हणजे या मापावर मुंबई नागपूरच्या वर?

नात: त्या दिवशी, त्या मापावर, चार अंशांनी वर. नागपूरचं ऊन सोपं आहे असा याचा अर्थ नाही. तिथं पाणी सतत पीत राहावं लागतं, नाहीतर घामाचा साठाच संपतो, आणि उन्हाचा चटका वेगळाच. पण तुमचे दोन गंजिफ्रॉक का भिजले आणि भिजूनही जिवाला थंडावा का मिळाला नाही, त्याचं उत्तर पेपरातल्या कोरड्या आकड्यात नव्हतं. ओल्या आकड्यात होतं.

आजोबा: आणि आमच्या खात्याचं काय येईल?

नात: समजा तिथं ३५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता होती. ओला बल्ब ३१ च्या वर जातो. ओल्या बल्बचा ३५ अंश हा माणसाच्या सहनशक्तीचा शेवट असं शास्त्रज्ञांनी हिशेबानं मांडलं होतं. पुढे धडधाकट तरुणांवर प्रयोग झाले, तेव्हा ३१ च्या आसपासच त्यांच्या अंगाचं तापमान चढू लागलं, तेही अगदी हलकं काम करताना. त्या हवेत तुम्ही साचे चालवत होतात.

आजोबा: खात्याच्या भिंतीवर असली दोन नळ्यांची पट्टी होती. एका नळीला फडकं बांधलेलं, खाली पाण्याची बाटली. आम्ही समजायचो, सुतासाठी आहे.

नात: सुतासाठी होतीच. पण कारखान्यांच्या नियमांनी ती कामगारांसाठीही लावायला लावली होती, ओलावा किती वाढवायचा याला मर्यादा असावी म्हणून.

आजोबा: ती वाचायचा साहेब. आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही, की हा आकडा तुमच्या जिवाचा आहे.

आकडा कुणी वाचायचा

नात: मग तापमापकावरचा तुमचा राग चुकीच्या जागी आहे, आबा. तो बल्ब तुमच्यासारखाच घाम गाळत होता. अंगाला जे कळतं ते मोजणारं यंत्र माणसानं कधीच बनवलं होतं. पत्र्याचं म्हणाल, तर त्यालाही माप आहे. काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यात तापमापक ठेवला, की ऊन आणि तापलेलं छप्पर दोन्ही मोजता येतात. उन्हातल्या कष्टाच्या कामासाठी एक एकत्र आकडा वापरतात. त्यात ओल्या बल्बला दहात सात वाटे, काळ्या गोळ्याला दोन आणि पेपरातल्या कोरड्या तापमानाला फक्त एक.

आजोबा: दहात एक! आणि आम्हाला सांगतात तो एवढाच.

नात: हो. म्हणून मी तुमच्या बाजूची आहे. पण अंगावर सगळं सोपवायला मी तयार नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात सरकारी सोहळ्याला लाखो माणसं उन्हात बसली होती. त्या दिवशी पारा चाळिशीच्या खालीच होता. उष्माघातानं चौदा माणसं गेली. त्यांना ऊन लागत नव्हतं का? लागतच होतं. पण आजूबाजूला सगळे बसलेत, कार्यक्रम चालू आहे, म्हणून माणूस बसून राहतो, आणि ज्या घडीला उठायला हवं त्या घडीला अंग सांगण्याच्या स्थितीत नसतं. अशा वेळी आधी ठरवून ठेवलेला आकडा लागतो: इतकं झालं की मंडप हवा, पाणी हवं, नाहीतर कार्यक्रम बंद.

आजोबा: आणि तो आकडा कोरडा धरला असता, तर चाळीसच्या खाली आहे म्हणून कुणी हललंच नसतं.

नात: बरोबर. म्हणून आकडा हवाच, आणि तो योग्य हवा. आपल्या परळमध्येच बघा. हाफकिन या शास्त्रज्ञानं १८९७ मध्ये प्लेगची लस केली. जंतू वाढवायचे आणि मग ते मरतील इतके तापवायचे, सुमारे ६५ ते ७० अंशांना तासभर. कमी तापवलं तर जंतू जिवंत, फार तापवलं तर लशीचा गुण जाण्याची भीती. पुढे १८९९ मध्ये परळच्या जुन्या सरकारी वाड्यात तिची प्रयोगशाळा आली. हे काम हात लावून, अंदाजानं करता आलं असतं?

आजोबा: नसतं. मान्य आहे. पण तिथं आकडा वाचणाऱ्याला लस चांगली व्हावी असंच वाटत होतं. खात्यात आकडा वाचणाऱ्याला कापड हवं होतं. रस्त्याच्या कामावर मुकादमाला काम उरकायला हवं असतं. तुझं शास्त्र खरं असेल, पण वाचणारा आपल्या बाजूनं वाचतो.

नात: त्यावर माझ्याकडे भौतिकशास्त्राचं उत्तर नाही.

आजोबा: माझ्याकडे आहे. ती फडकं बांधलेली नळी साहेबाच्या खोलीबाहेर काढा. नाक्यावर लावा, बांधकामावर लावा, टॉवरचे डबे ज्या गल्लीत वाफ सोडतात तिथं लावा, बीडीडी चाळीच्या गॅलरीत लावा. शेजारी मोठ्या मराठी अक्षरात लिहा, किती झालं की धोका. मग मुकादमाशी हुज्जत घालायला माणसाला आपल्या जिवापलीकडे आणखी एक साक्षीदार मिळेल.

नात: त्याला खर्चही फार नाही. दोन तापमापक, मलमलचा तुकडा, पाण्याची बाटली. फडकं स्वच्छ आणि ओलं राहिलं पाहिजे, वारा लागला पाहिजे, ऊन लागता कामा नये. कॉलेजची मुलं रोज तीन वाजता नोंद घेऊ शकतील. एक उन्हाळा नोंदी झाल्या, की कुलाब्याच्या पेटीतला आकडा आणि गल्लीतला आकडा यांत फरक किती, हे वाद न घालता दाखवता येईल.

आजोबा: कुलाब्याचा आकडाही लिहा शेजारी. तो नसेल तर आमचा आकडा खरा कुणी मानणार नाही.

नात: हे तुम्ही म्हणताय?

आजोबा: मीच म्हणतोय. पण माझा मुद्दा सोडलेला नाही. नळी ३० दाखवत असेल आणि एखादा म्हणाला मला सोसत नाही, तर त्याला सावलीत बसू द्यायचं. नळी काय म्हणते ते मग बघायचं.

नात: आणि नळी ३१ दाखवत असेल आणि तो म्हणाला मला काही होत नाही, तरीही त्याला बसवायचं.

आजोबा: बसवायचं. या दोन्ही गोष्टी पाटीवर लिही.